भाकरी, बर्फ आणि रात्रीचे साडेनऊ

सोलापुरात रात्री करण्यासारखं काय आहे, हा प्रश्न सोलापुरात राहणारा माणूस सहसा विचारत नाही. विचारतात ते पुण्याहून दिवाळीला घरी आलेली पोरं, नुकतेच बदली होऊन आलेले बँकेचे अधिकारी आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसचं परतीचं रिझर्व्हेशन असलेले लग्नाचे पाहुणे. ती गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराला सुटते आणि जेवण उरकल्यावर तोवर जायचं कुठं, हा त्यांच्यापुढचा खरोखरीचा पेच असतो. प्रश्नाच्या सुरातच उत्तर असतं: काही नाही. गंमत पुढं आहे. यांच्यातलाच एखादा दोन वर्षांनी हप्ते बांधून युरोपची सहल करतो, आल्प्समधल्या एखाद्या गावी दोन रात्री काढतो, तिथं साडेनऊला सगळीकडं सामसूम बघतो आणि परत आल्यावर सोसायटीच्या फाटकाशी उभा राहून सांगतो, "काय शांतता हो! सातला जेवण, नऊला गाव चिडीचूप. जगावं तर असं." म्हणजे बाळीवेशीत नऊला शटर खाली आलं तर गाव मागासलेलं आणि तिकडं आलं तर ती संस्कृती. शटर दोन्हीकडं पत्र्याचंच असावं, असा माझा अंदाज आहे. मग भावात एवढा फरक का? माझं म्हणणं असं, की रात्र हॉटेलवाले घडवत नाहीत, दिवस घडवतो. दिवसानं माणसाकडून जे वसूल केलं ते वजा जाता उरते ती रात्र. हा हिशेब मांडून बघितला तर सोलापूर आणि ते बर्फातलं गाव एकाच खतावणीत सापडतात. फक्त इकडं जे जमेला आहे ते तिकडं खर्ची पडलंय.

उदाहरणाला स्वित्झर्लंडमधलं म्युरेन घेऊ. १,६३८ मीटर उंचीवर, कड्याच्या अगदी काठाला, दोरीवर वाळत घातल्यासारखं हे गाव आहे. वस्ती चार-पाचशे, म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी वरातीएवढी. मोटारींना मज्जाव, वर जायचं तर रोपवेनं नाहीतर चिमुकल्या रेल्वेनं. गाव लहान असलं तरी घराणं मोठं आहे. झेंड्यांच्या मधून नागमोडी घसरत यायची आधुनिक स्लॅलम शर्यत १९२२ साली पहिल्यांदा इथं झाली आणि अल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धाही १९३१ मध्ये इथंच भरली. या शर्यतीचा जनक आर्नल्ड लन हा इंग्रज, पण त्याचा जन्म १८८८ चा, मद्रासचा. मद्रासच्या उकाड्यात जन्मलेल्या माणसानं पुढं जन्मभर बर्फावरून घसरण्याचा ध्यास घ्यावा, यातून कुणी काही सिद्धान्त काढू नये. पण सोलापुरी माणसाला त्याचं म्हणणं चटकन पटेल. तर असं हे नामवंत गाव रात्री काय करतं? झोपतं. हिवाळ्यात चार-साडेचारला ऊन डोंगराआड जातं, वर नेणारे पाळणे थांबतात आणि दिवसभर घसरलेली माणसं पायांत गोळे घेऊन खाली येतात. शेजारच्या शिल्टहॉर्न शिखरावर गोल फिरणारं रेस्टॉरंट आहे. १९६९ च्या बाँडपटात तो खलनायकाचा अड्डा होता. तेही संध्याकाळच्या शेवटच्या रोपवेबरोबर ओस पडतं, म्हणजे जगाच्या संहाराचा बेत आखणाऱ्या खलनायकालाही तिथं दिवेलागणीच्या आत आटपून खाली उतरावं लागलं असतं. त्यानंतर उरतं काय, तर जेवण, दोन घोट वाइन आणि पांघरूण. दिवसानं सगळं अंग वापरून घेतलंय; रात्रीला द्यायला शिल्लकच नाही. यात संस्कृतीचा भाग किती आणि पोटऱ्यांचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता त्या जेवणाकडं जरा निगुतीनं बघितलं पाहिजे, कारण दोन गावांचं नातं खरं तिथंच उघडं पडतं. तिथला मानाचा पदार्थ फाँड्यू. मधोमध भांड्यात वाइनबरोबर वितळवलेलं चीज, खाली ज्योत आणि लांब काट्याला पावाचे तुकडे टोचून त्यात बुचकळायचे. वर्णन ऐकायला राजेशाही वाटतं, पण मुळात ही अडचणीतून निघालेली वाट असल्याचं सांगतात. डोंगरातला लांब हिवाळा, घरात काय तर मुरून घट्ट झालेलं चीज आणि शिळा, टणक झालेला पाव. दोन्ही चावत नाहीत, तेव्हा एकाला वितळवा आणि दुसऱ्याला त्यात भिजवा. हीच युक्ती सोलापूरच्या घराघरांत किती वर्षं चाललीय याची मोजदाद नाही. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, मंद आचेवर पार वाळवून कडक केली की ती पापडासारखी वाजते आणि नीट ठेवली तर आठवडेच्या आठवडे टिकते. दुष्काळी मुलखात, शेतावर, यात्रेला, प्रवासाला जाणाऱ्यानं बरोबर काय न्यावं या प्रश्नाचं ते उत्तर होतं. दात आहेत तोवर कडाकडा चावावी आणि नसतील तर आमटीत कुस्करावी. सोबत शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटून केलेली शेंगा चटणी आणि वर दही. म्हणजे टिकणारं धान्य, टिकणारं तोंडीलावणं आणि दोन्ही मऊ करायला काहीतरी ओलं. फाँड्यूची रचना याहून वेगळी नाही. उलट एका बाबतीत आपली सुधारलेली आहे. फाँड्यूत ज्याचा पावाचा तुकडा काट्यावरून निसटून भांड्यात पडेल त्यानं दंड भरायचा, असा तिकडं रिवाज आहे. आपल्याकडं ताट ज्याचं त्याचं असल्यानं आमटीत भाकरी बुडाली तर ती बुडालेलीच बरी मानतात.

मग फाँड्यूच्या एका ताटाला अडीच-तीन हजार रुपये पडतात आणि भाकरी-चटणीवर माणूस "साधंच जेवलो" असं का म्हणतो? याचं उत्तर चवीत नाही, कचेरीत आहे. १९१४ साली स्वित्झर्लंडमध्ये चीजवाल्यांचा संघ स्थापन झाला आणि खपाची पंचाईत होऊ लागली तेव्हा १९३० च्या दशकात या संघानं फाँड्यूला राष्ट्रीय पदार्थ म्हणून देशभर नेलं. काही खोऱ्यांतलं खाणं बघता बघता देशाची शान झालं. आपल्याकडं मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, सोलापुरी चादरीलाही मिळालं, पण "कडक भाकरी खाणारा तोच खरा रसिक" असं ठासून सांगणारी कचेरी कुणी काढली नाही. खरं तर मालाचा खप त्याशिवायही होतो आहे. सोलापूरची भाकरी आणि चटणी पाकिटांत बसून गावोगाव जाते आणि युरोपला निघालेल्या मंडळींच्या बॅगेत तर पासपोर्टच्या आधी चटणीची पुडी जाते. सहल कंपन्याही कुठला डोंगर दाखवणार याच्या बरोबरीनं वरण-भात कुठं मिळणार हे छापतात. युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटर उंचीवर, १९१२ पासून रेल्वे जाते. त्या टोकाला जाऊन पोचलं की 'बॉलिवुड' नावाचं भारतीय जेवणाचं रेस्टॉरंट आहे. म्हणजे ज्या रात्रीच्या जेवणाला कंटाळून माणूस घर सोडतो, तेच बर्फ बघत बघत खायला सात हजार किलोमीटर जातो. इथं फाँड्यूवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडं येणारे पाहुणेही शहरातली गरम हीटरची खोली सोडून तिथल्या गरम हीटरच्या खोलीतच जातात.

जेवण सोडून आता घड्याळाकडं वळू. म्युरेनला रात्र निसर्ग बंद करतो. सोलापुरात तो दुपार बंद करतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकला की दुपारी एक ते पाच या वेळात सात रस्त्यावर उभं राहिलं तर सातही रस्ते एकट्याला वापरायला मिळतात. दुकानदार गल्ल्यावर मान टाकतो, कुत्रं गटारीत बसतं आणि रिक्षावाला मीटरचं नाव काढत नाही, सावलीचं काढतो. ज्यांना शांत, निर्मनुष्य, आत्मचिंतनाला योग्य असं गाव हवं आहे त्यांनी खरं म्हणजे या वेळी यावं. म्युरेनची रात्र आणि सोलापूरची दुपार यांत शांततेच्या प्रतीचा काहीही फरक नाही. गारव्याचा आहे, तो सोडून द्यावा. पण सूर्यानं जे तास दुपारी उधार नेलेले असतात ते रात्री व्याजासकट परत येतात. सात वाजले की बाहेर पडायला सुरुवात होते, आठला पार्क चौपाटीवर तव्यावर उलथनी आपटायला लागतात आणि नवी पेठेतली खरेदी म्हणजे खरेदी कमी आणि वारा खाणं जास्त. जेवण झालेली माणसं "का बे, जेवलास का?" हे विचारायला दुसऱ्याच्या दारात जातात आणि त्या दोन शब्दांच्या उत्तरासाठी कट्ट्यावर दीड तास बसतात. आणि बर्फ? बर्फही आहेच. फरक एवढाच की तिकडं तो पडतो, इकडं किसतात. गोळेवाल्याचा रंधा लादीवर फिरायला लागला की जे भुरभुरतं, त्यावर काला खट्टा ओतून मिळणारा आनंद घसरगुंडीहून स्वस्त आहे आणि हाड मोडायची भीती नाही. तिकडचा दुसरा नामांकित पदार्थ रॅक्लेट. चीजचा गड्डा आचेपुढं धरायचा आणि वितळलेला थर ताटात खरवडायचा. फ्रेंचमध्ये त्या नावाचा अर्थच मुळी खरवडणं. म्हणजे दोन्ही गावी संध्याकाळचा मुख्य उद्योग काहीतरी खरवडून लोकांना खाऊ घालणं हाच आहे.

यावर एक सरळ आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. हे सगळं साडेदहा-अकराला संपतं, मग त्याला नाइटलाइफ म्हणायचं का? मुंबई-पुण्यासारखं बाराच्या पुढचं काय आहे? इथं आक्षेप घेणाऱ्याच्या मनात रात्र म्हणजे फक्त चैनीची वेळ आहे. सोलापूरची रात्र मुळात चैनीनं नाही, भोंग्यानं जागी केलेली आहे. १८७० च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली, मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू आल्या आणि गावाचं घड्याळ पाळ्यांवर चालायला लागलं. नाइटलाइफ या शब्दाला सोलापुरात फार जुना मराठी शब्द आहे: रात्रपाळी. पाळी सुटायच्या वेळी चहाच्या टपऱ्या पेटायच्या, एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळी चालायच्या आणि सावज्यांच्या हातचं झणझणीत मटण खाऊन घामाघूम झालेला माणूस पुन्हा सूत खात उभा राहायचा. हे सावजी म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचे लोक. तेही मूळचे विणकरच, त्यामुळं विणणाऱ्याला कसली भूक लागते हे त्यांना सांगावं लागत नसे. मोठ्या गिरण्या पुढं एकेक करून बंद पडल्या, पण पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली वस्तीत यंत्रमागांचा खडखडाट रात्री-अपरात्री अजून ऐकू येतो. बारानंतरचं लाइव्ह म्युझिक हवं असेल तर ते तिथं आहे. ठेका पक्का, गाणं एकच आणि तिकीट नाही. त्यातून निघतो टॉवेल आणि चादर. जे गाव वर्षातले दहा महिने पंख्याखाली उघड्यानं झोपतं त्यानं देशाला पांघरुणं पुरवावीत, हा विनोद कुणा लेखकानं रचलेला नाही. कायद्यानंही आता वेळेची आडकाठी फारशी उरलेली नाही. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा राज्याचा कायदा सगळे दिवस, चोवीस तास दुकान उघडं ठेवायला मुभा देतो. तरी किराणावाला नऊलाच आवरतो, कारण पहाटेपासून उभं राहून त्याचा दिवस संपलेला असतो. त्याचंही म्युरेनच्या स्कीवाल्यासारखंच आहे, फक्त तो गल्ल्यापासून पोत्यापर्यंत घसरतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो. सोलापूर शांत आहे असं म्हणणाऱ्यानं इथली मिरवणूक बघितलेली नाही, असं तो म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. या गावाला जयंत्यांची कमी नाही, लेझीम तर रक्तात आहे आणि अलीकडं भिंती हलवणारे डॉल्बीही आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहाला भोंगे बंद व्हायला हवेत. स्वित्झर्लंडमध्येही शांततेचे तास साधारण दहालाच सुरू होतात. म्हणजे नियम अगदी मिनिटाला मिनिट जुळतो. जुळत नाही ते एवढंच, की तिकडं दहा वाजतात तेव्हा गाव थांबतं आणि इकडं दहा वाजतात तेव्हा पोलीस दहाची आठवण करून द्यायला निघतात. पण या आक्षेपानं माझं म्हणणं खोडलं जात नाही, उलट पुरं होतं. जिथं दिवस अंगाला चटके देतो तिथं अंगातली सगळी शिल्लक रात्रीच बाहेर येणार. सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा हा याचा पुरावा म्हणता येईल. बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारे मानकरी अडुसष्ट लिंगांना फेरी घालतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते आणि शोभेच्या दारूकामाला अख्खं गाव मान वर करून उभं राहतं. हवा तेव्हा चौदा-पंधरा अंशांवर आलेली असते, म्हणजे म्युरेनच्या हिशेबानं उन्हाळी सहलीचा दिवस. पण सोलापूरकरांचा पेहराव बघावा: माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि वर तीच जाड चादर खांद्यावर. हा आमचा स्की सीझन. पाळण्यात बसून वर जायचं, खाली यायचं आणि पायथ्याशी गरम भजी खायची. पाळणा गोल फिरतो एवढाच काय तो अभियांत्रिकीतला फरक.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कट्टा, टपरी, चौपाटी, ही सगळी रात्र कुणाची? बऱ्याच अंशी पुरुषांची. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो बायका या शहरात आहेत. रात्री नऊनंतर त्या कट्ट्यावर दिसत नाहीत. गड्ड्याचे दिवस आणि नवरात्र सोडलं तर बाईनं रात्री बाहेर असण्याला कारण लागतं आणि पुरुषानं घरात असण्याला. इथं म्युरेन पुढं आहे हे मोकळेपणानं कबूल केलेलं बरं. त्या गावात साडेनऊला काहीच उघडं नसतं, पण जे नसतं ते बायका-पुरुषांना सारखंच नसतं. पुण्याला गेलेल्या पोरांची गोष्ट यापुढं किरकोळ आहे. सुट्टी संपली की ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या रांगेत उभी असतात, पण आल्प्समधली तरुण मुलंही कामधंद्याला खालच्या शहरांतच उतरतात. घसरण्याची दिशा सगळीकडं एकच असते.

शिवाय सोलापूरच्या बायकांची रात्र रिकामी जाते असंही कुणी समजू नये. जिल्ह्यात उजनीसारखं धरण आहे, शंभराहून अधिक किलोमीटर नळातून पाणी येतं आणि तरी शहराच्या बऱ्याच भागांत ते काही दिवसांआड येतं. कधी येईल त्याला वेळेचं बंधन नसतं, पण अपरात्रीची त्याला विशेष आवड दिसते. "पाणी आलं गंऽऽ" अशी एक हाक गेली की अंधारी गल्ली एका मिनिटात उजळते, मोटारी घुरघुरायला लागतात, घागरी-पिंपं-बादल्यांची रांग लागते. कुणाची सून, कुणाची सासू, सगळ्या गाऊनवर ओढणी टाकून दारात. आठवड्याच्या राहिलेल्या बातम्या पिंपं भरेपर्यंत पुऱ्या होतात. एखादी चहाचं आधण ठेवते. अकराला कट्टा मोडून घोरत पडलेल्या पुरुषांना तेव्हा उठवलं जातं, ते फक्त वरच्या टाकीत किती भरलं हे बघायला. हिवाळ्यात सोलापूर स्वित्झर्लंडच्या साडेचार तास पुढं असतं. म्हणजे इकडं अडीचला पहिली घागर तोटीखाली लागते, तेव्हा म्युरेनमध्ये बरोबर दहा वाजलेले असतात आणि हॉटेलचा माणूस बाहेरचा दिवा मालवायला उठलेला असतो.